रंध्याच्या घळीत

शेंडीहून राजूरच्या रस्त्याला लागलात की दहाएक किलोमीटरवर रंधा येतं. गाडीतून उतरता तेव्हा धबधबा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. ऑगस्टचा मधला आठवडा आहे. भंडारदरा भरलंय, सांडवा सुटलाय. टपऱ्यांवर कणसं भाजताहेत, ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजतोय, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक खर्जातला आवाज सतत चालू आहे. तुम्ही वाटेला लागता. वाट फार लांबची नाही. घोरपडादेवीच्या देवळाशी घटकाभर थांबायचं, हात जोडायचे, मग कठड्याच्या कडेने पुढे आणि तिथून पायऱ्यांनी खाली.

कठड्याशी आलात की प्रवरा एकदम समोर येते. तांबूस, फेसाळ, काठोकाठ. वर सपाट कातळावर ती पसरून वाहत असते आणि मग पायाखालचा आधारच संपतो. १७० फूट खाली पाणी दिसत नाही, पांढरा धूर दिसतो. तो धूर वाऱ्याबरोबर वर येतो, चष्मा भिजवतो, ओठांवर बसतो. समोरच्या कड्यातून एखादा शीळकरी कस्तुर माणसासारखी शीळ घालतो. एवढ्या गर्जनेत ती ऐकू कशी येते याचं नवल वाटतं, पण येते.

आता धबधब्याकडे पाठ करा आणि नदी पुढे जाते तिकडे बघा. दोन उभ्या कातळभिंतींच्या मधून ती खोल घळीत शिरली आहे. ही घळ धबधब्यानेच मागे टाकलेली वाट आहे. धबधबा एका जागी उभा नसतो. पडणारं पाणी पायथ्याचा मऊ थर पोखरत राहतं, वरचा टणक थर अधांतरी होतो, एखाद्या पावसाळ्यात मोडून खाली येतो, आणि धबधबा तेवढा उगमाकडे सरकतो. हजारो वर्षांत थोडासा, लाखो वर्षांत बराच. म्हणजे रतनगडाकडे, जिथून प्रवरा निघते तिकडे, या धबधब्याचा भविष्यकाळ आहे आणि समोरच्या घळीत त्याचा भूतकाळ पडून आहे. पायऱ्या त्याच दिशेला उतरतात. तुम्हीही उतरा. प्रत्येक वळणावर काळ मागे जाईल, एवढं लक्षात ठेवा आणि कठडा सोडू नका.

पहिल्याच वळणावर पाऊस थांबतो. आवाजही थांबतो. हा मे महिना आहे, याच वर्षीचा.

समोर नुसता कडा. काळा, कोरडा, पाणी ओघळून गेलं तिथे पांढुरके पट्टे. खाली डोहात हिरवट पाणी निपचित. ऑगस्टमध्ये इथे उभं राहून फोटो काढणाऱ्या माणसाला हा तोच रंधा आहे हे सांगूनही पटणार नाही. पाणी संपलेलं नाही, ते वळवलेलं आहे. धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं वीजघर आहे, आणि पुढे कोदणीला ३४ मेगावॅटचं. धरणातून सुटलेलं पाणी या दुसऱ्या वीजघराकडे नेताना रंध्याला वळसा पडतो. ते वीजघर होण्याआधी उन्हाळी आवर्तन सुटलं की भर एप्रिलमध्येही धबधबा कोसळायचा, कारण शेतीचं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली जायचं. आता पाऊसकाळात पाणी धरणात मावेनासं झालं की रंधा वाहतो. वीज हवी आहे, यात वाद नाही. पण एखाद्या धबधब्याचं पाणी बाजूने काढून नेताना त्याच्यासाठी थोडी धार राखावी, हे कुणाला सुचू नये याचं वाईट वाटतं.

संध्याकाळ होईपर्यंत इथेच बसा. मेअखेरीला अंधार पडला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे उतरतात. आधी एखादं झाड लुकलुकतं, मग शेजारचं, मग सबंध रान एका तालात उघडमीट करू लागतं. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा मुलूख. १९८६ साली ते जाहीर झालं. शेकरू, बिबट्या, करवीचे उतार आणि पावसाच्या तोंडावरचे हे काजवे ही त्याची श्रीमंती. त्याच अंधारात वाडीवरची एखादी बाई हंडा घेऊन डोंगरातल्या झऱ्याकडे निघालेली दिसते. धरण उशाला आणि कोरड घशाला असं अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात म्हणतात, आणि ते बोलण्यापुरतं नाही, पाठीला रग लागेपर्यंत वाहिलेल्या पाण्याचं ते बोलणं आहे.

पुढचं वळण घ्या. हवेत गारवा येतो. १० डिसेंबर १९२६.

वरच्या अंगाला, भंडारदऱ्याला, आज मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन धरणाच्या उद्घाटनाला आले आहेत. धरणाला त्यांचंच नाव पडणार आहे. २७० फूट उंचीची दगडी भिंत त्या काळच्या हिंदुस्थानात थोर कौतुकाची गोष्ट होती. काम १९१० साली सुरू झालं, म्हणजे सोळा वर्षं या खोऱ्यात छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमत होता. दगड इथलाच. चुना मळून, दगडावर दगड रचून, एका पिढीची उमेदीची वर्षं घालून ही भिंत उभी राहिली. गव्हर्नरांचं नाव कोरलं गेलं. सुरुंगाच्या धुरात खोकणाऱ्या, टोपलीत बाळ निजवून खडी फोडणाऱ्या माणसांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. म्हणून आज तुम्ही समारंभाकडे जाऊ नका. भिंतीच्या टोकाला, जिथे मजुरांच्या झोपड्या आहेत, तिकडे मनाने एक फेरी मारा.

हे धरण का बांधलं तेही इथेच समजून घ्यायला हवं. या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची दोन तोंडं आहेत. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तोच ढग पूर्वेला नगर, पारनेर, पाथर्डीकडे पोचेपर्यंत रिता झालेला असतो. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० अशा दोन दुष्काळांनी दख्खन उजाड केली. माणसं रस्त्यावर मेली, गुरं कवडीमोलाने गेली. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसला, आणि दख्खनच्या अवर्षणी भागाला घाटमाथ्याचं पाणी द्यायची कल्पना कागदावरून जमिनीवर आली. अडवलेलं पाणी नदीतून संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाणार आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी पसरणार. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, त्या उसावर १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना झाला. महाराष्ट्राच्या सहकाराची गोष्ट सांगणारे लोक लोणीपासून सुरुवात करतात. तिचं पाणी मात्र तुम्ही उभे आहात त्या कड्यावरून गेलेलं आहे.

आणखी खाली या. आता ज्या पायरीवर पाय पडतो ती पायरी नाही, ओला कातळ आहे. कठडा नाही. टपऱ्या नाहीत. जुलै १९०९. पुढच्या वर्षी वर काम सुरू होणार आहे, त्यामुळे इथवर कोणीही न अडवलेली प्रवरा बघायची ही शेवटची संधी आहे.

तुम्ही ऑगस्टमध्ये जे पाहिलं ते सांडव्यावरून आलेलं, धरणाने आधी पोटभर घेऊन मग सोडलेलं पाणी होतं. हे तसं नाही. रतनगड, घाटघर, पांजरे, उडदावणे, सगळ्या डोंगरांवर काल रात्री पडलेला पाऊस एका वेळी इथे येऊन पोचला आहे. नदीत माती आहे, मुळासकट उपटलेली झाडं आहेत, कुणाच्या तरी खाचराचा बांध आहे. झाडाचं एक अख्खं खोड कड्याच्या ओठावर येतं, क्षणभर आडवं अडकतं, उभं होतं आणि नाहीसं होतं. ते खाली पडल्याचा आवाजही येत नाही, कारण आवाजाला जागाच उरलेली नाही. तोंडातून शब्द काढलात तर तो स्वतःलाही ऐकू येत नाही.

बाजूच्या उतारावर आवणी चालली आहे. गुडघाभर चिखलात बायका-पुरुष वाकलेले, पाठीवर इरली. चिखलणीचे बैल जिभा काढून उभे. एक म्हातारा तुम्हाला कड्याच्या जवळ गेलेलं पाहतो आणि खाचरातूनच हात करतो. तुम्ही मागे सरता, तेव्हा तो बांधावर येतो.

“पाव्हणं, तिकडं नगा जाऊ. पाण्याला याड लागलंय आज.”

“दरसाल असंच असतं का बाबा?”

“आवणीच्या टायमाला असंच. भादव्यात मंग गप व्हतंय. मंग बघा, दुधावानी दिसंल.”

तो डोक्यावरचं इरलं सारखं करतो, देवळाच्या दिशेने कपाळाला हात लावतो आणि पुन्हा चिखलात उतरतो. धरणाबद्दल त्याला सांगावं का? तुमच्या तोंडाशी शब्द येतात. वरच्या गावांतल्या लोकांची खाचरं पाण्याखाली जाणार आहेत, त्यांना उठून वर डोंगराला बिलगावं लागणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो काळभात लावतोय. त्याच्या नातवंडांची नातवंडं तोच वास असलेला भात लावतील, आणि याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे असली गावरान बियाणी मडक्यांत जपून २०२० सालची पद्मश्री मिळवतील, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याचं लक्ष रोपाच्या मुठीवर आहे. पाऊस थांबायच्या आत खाचर लावून व्हायला हवं. तुम्ही गप्प राहता, आणि तेच बरं.

इथून पुढे काळ झपाट्याने मागे पडतो. १८४५. देवगावचे राघोजी भांगरे सावकारशाहीविरुद्ध उठले आहेत आणि कंपनी सरकारच्या फौजा या डोंगरांत त्यांना हुडकत फिरताहेत. रान त्यांना लपवतं, लोक भाकरी पोचवतात. अखेरीस ते पंढरपुरात पकडले जातील आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढतील. १६७९, नोव्हेंबर. जालन्याची मोहीम आटोपून निघालेले शिवाजी महाराज मोगल फौज टाळत उत्तरेच्या त्या डोंगररांगेतल्या पट्टागडावर येऊन विसावतात. गडाचं नाव विश्रामगड होतं. पावसाळा सरलेला, धबधबा बारीक झालेला. इकडे कुणी बघत नाही.

१२९०. इथे माणूसकाणूस नाही, पण ओंजळभर पाणी हातात घ्या आणि त्याच्या मागे जा. घळीतून बाहेर पडून ते अगस्तींच्या अकोल्यावरून, संगमनेरवरून, सखल मैदानातून चालत चालत नेवाशाला पोचतं. तिथे एका देवळात एक तरुण खांबाला टेकून बसला आहे आणि गीतेवर मराठीत बोलतो आहे. सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. पुढे टोक्याला गोदावरीत मिसळण्याआधी या नदीने जे शेवटचं मोठं गाव भिजवलं, तिथे ज्ञानेश्वरी झाली. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात ते समुद्रमंथनाच्या कथेवरून. त्या कथेतल्या मोहिनीराजाचं देऊळही नेवाशातच आहे.

आणखी मागे, तीन हजारांवर वर्षं मागे. त्याच नदीच्या काठावर, संगमनेरजवळ जोर्वे नावाच्या गावी, कुणीतरी चाकावर भांडं घडवतं आहे. लाल रंगावर काळी नक्षी, तोटीचं मडकं. १९५० च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव तिथे खणतील आणि दख्खनच्या एका सबंध संस्कृतीला या छोट्या गावाचं नाव मिळेल. श्रीरामपूरच्या बाजूला दायमाबादला तर त्याहूनही जुनी वस्ती आहे. तिथे १९७४ साली झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चाकांवर उभा असलेला तो गेंडा पाहिलात की एक विचार मनातून जात नाही. ज्या माणसाने तो ओतला त्याने खरा गेंडा पाहिला असला पाहिजे, आणि गेंडा हिंडेल एवढं ओलं गवत प्रवरेच्या काठाला तेव्हा असावं. आज त्याच पट्ट्यात विंधनविहिरी किती खोल जातात ते तिथल्या शेतकऱ्याला विचारा.

त्याच्याही मागे फक्त दगडाची हत्यारं उरतात. नेवाशाला सापडलेल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांवरून ‘नेवासियन’ हे नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं. ती माणसं नदीच्या वाळवंटात गोटे निवडत होती, आणि त्यातले काही गोटे या डोंगरांतूनच गडगडत गेलेले असणार. त्यांच्या काळी धबधबा तुम्हाला आजच्या जागी सापडणार नाही. तो घळीत थोडा खाली आहे.

आता शेवटचं वळण. उतरताना हात भिंतीला लावा. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी.

रंधा नाही, प्रवरा नाही, सह्याद्रीसुद्धा नाही. समोर सपाट, काळं, तापलेलं माळरान आहे आणि त्यावर लाव्हाची एक जीभ सरकत येते. ज्वालामुखीचं उंच शिखर, आकाशात उडणारे अंगार, असं काही इथे नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू जातो आहे. त्याच्या पृष्ठभागावर राखाडी साय धरते, तिला वळ्या पडतात, मग ती फुटते आणि आतून नवी लाल जीभ बाहेर येते. ती थंड होते. तिच्यावर दुसरी चढते. मध्ये कधी इतका काळ जातो की वरच्या थराची माती होते, आणि पुढचा लाव्हा त्या मातीला भाजून लाल करतो. असे थरावर थर. कळसूबाईचं १६४६ मीटर उंचीचं शिखर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, याच थरांचं रचलेलं आहे. दख्खनच्या लाव्हांमधल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला भूशास्त्रज्ञांनी नावच कळसूबाईचं दिलं आहे. या गटातल्या काही थरांत बोटाच्या पेराएवढे पांढुरके स्फटिक दिसतात. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखाली बराच काळ तुंबून राहिला होता, तेव्हा ते वाढले. पृथ्वीवरचे डायनोसोर ज्या उलथापालथीत संपले तिचा हाच काळ, आणि त्यात या उद्रेकांचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांत अजून घमासान चालू आहे.

धबधब्याची सगळी गोष्ट इथेच ठरली. एक थर टणक, त्याखालचा ठिसूळ. पुढे पश्चिमेला भूखंड तुटला, सह्याद्रीचा कडा उभा राहिला, पावसाने वाट शोधली, आणि पूर्वेकडे निघालेल्या एका नदीला हा टणक-ठिसूळपणा सापडला.

वर चढा. चढताना काळ परत येतो. गोटे, मडकी, ओव्या, घोडी, इरली, सुरुंग. कठड्याशी आलात की पुन्हा ऑगस्ट आहे. पण इथे थांबू नका. धबधब्याचा भविष्यकाळ उगमाकडे आहे, म्हणून शेंडीला जाऊन धरणाच्या भिंतीशी उभे राहा. अकरा टीएमसी पाणी. पलीकडे रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आपल्या कोरीव खांबांसह ओलंचिंब. पाणी किती सोडायचं ते क्युसेकमध्ये ठरतं, फोनवर कळवलं जातं, खालच्या गावांना इशारा दिला जातो, मग ते रंध्याच्या कड्यावरून पडतं आणि पुढे निळवंड्याच्या धरणात जमा होतं. निळवंड्याची मंजुरी १९७० ची, कालव्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२३ मध्ये. अर्ध्या शतकाहून अधिक काळ संगमनेर, राहाता, सिन्नरकडची कोरडवाहू गावं या पाण्याची वाट बघत होती. त्यांच्या वाटेचं पाणी त्यांना मिळालंच पाहिजे.

आणि तेवढ्याच ठामपणे सांगावंसं वाटतं की पाण्याचा हिशेब मांडताना दोन नावं नेहमी गळतात. एक, ज्यांच्या डोंगरावर तो पाऊस पडतो त्या वाड्या. महादेव कोळी आणि ठाकर लोकांच्या या वस्त्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी चालावं लागतं, आणि त्यासाठी टीएमसीची गरज नाही. झरे राखले, छोटे बंधारे धड बांधले आणि उपसा योजना नीट चालवल्या तरी पुष्कळ होईल. दुसरं नाव खुद्द नदीचं. आवर्तनाच्या वेळापत्रकात शेतीचा रकाना आहे, पिण्याचा आहे, विजेचा आहे. पात्रात जिवंत राहण्यापुरतं पाणी, असा रकाना हवा. बारीकशी धार का असेना, ती मेमध्येही रंध्याच्या कड्यावरून पडायला हवी. डोहातले मासे, काठचं उंबर, कड्यात घरटं करणारे पक्षी त्या धारेवर जगतात.

पुढच्या वेळी मे महिन्यात या. राजूरला उतरा, पेढे घ्या, दुपार कलल्यावर रंध्याला जा. गर्दी नसते. कोरड्या कातळात पाण्याने कोरलेले खळगे नीट बघता येतात. वाटेत कोणी करवंदांची पाटी घेऊन बसलं असेल तर घासाघीस न करता करवंदं घ्या, आणि त्यांच्या वाडीला पाणी कुठून येतं ते विचारा.